क्लच बदलल्यानंतर येणारे आवाज

मोटारगाडीचा क्लच बदलल्यानंतर ऐकू येऊ लागणारे अपरिचित आवाज हे जोडणीतील चूक, न बदललेल्या जुन्या भागांची झीज किंवा कामाच्या वेळी सुटे केलेले इतर भाग सैल राहणे यांमुळे निर्माण होतात. घरी क्लच बदलणाऱ्या व्यक्तीस ही अडचण विशेष जाणवते. क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये, बेल हाउसिंग या घंटेच्या आकाराच्या कवचात बंदिस्त असतो आणि तो पाहण्यासाठी संपूर्ण गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. हे दिवसभराचे काम दुसऱ्यांदा करण्यापूर्वी दोष कवचाच्या आत आहे की बाहेर, हे निश्चित करणे हा निदानाचा मुख्य उद्देश असतो.

रचना

इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर फ्लायव्हील बसवलेले असते आणि त्यावर प्रेशर प्लेट बोल्टने आवळलेली असते. या दोहोंमध्ये क्लच प्लेट दाबून धरली जाते. तिच्या मध्यभागी असलेल्या खाचांमध्ये गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसतो. पेडल दाबले असता फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या पाकळ्यांवर दाब देते आणि क्लच प्लेट मोकळी होते.

निदानाचे तत्त्व

आवाजांना नावे देण्यासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. घरघर, खरखर, करकर, खडखड, किणकिण असे अनेक शब्द आहेत. मात्र एकास जी घरघर वाटते ती दुसऱ्यास खरखर वाटते. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे अधिक विश्वसनीय ठरते.

गाडी न्यूट्रलमध्ये व इंजिन चालू असताना पेडल सोडलेले असेल, तर इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो आणि रिलीज बेअरिंगवर भार नसतो किंवा अत्यल्प असतो. पेडल पूर्ण दाबल्यावर स्थिती उलटते: इनपुट शाफ्ट मंदावतो आणि रिलीज बेअरिंगवर पूर्ण भार येतो. गाडी उभी ठेवून, हँडब्रेक ओढून पेडल सावकाश दाबत व सोडत राहिल्यास बहुतेक आवाजांचे मूळ या एका चाचणीतून कळू शकते.

पेडल दाबल्यावर येणारा आवाज

पाय ठेवताच सुरू होणारा आणि दाबाबरोबर वाढणारा घरघराट हे सदोष रिलीज बेअरिंगचे लक्षण आहे. क्लच प्लेट व प्रेशर प्लेट नवी घालून जुने बेअरिंग तसेच ठेवणे ही खोटी काटकसर होय, कारण बेअरिंगची किंमत एकूण श्रमांच्या मानाने नगण्य असते. बेअरिंग नवे असूनही आवाज येत असेल, तर ते फोर्कवर वाकडे बसले असणे, त्याची क्लिप निसटणे किंवा ते कामाच्या वेळी विद्रावकात धुतल्याने त्यातील ग्रीस निघून जाणे या शक्यता असतात. एमजीबीसारख्या काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी ग्रॅफाइटचे कडे असते. तेथे पेडलवर पाय टेकवून गाडी चालवण्याची सवय कड्याची झीज झपाट्याने करते.

इंजिन बंद असतानाही पेडल दाबल्यास करकर ऐकू येत असेल, तर तिचा फिरणाऱ्या भागांशी संबंध नसतो. फोर्कचा टेकू, केबल किंवा पेडलची खीळ कोरडी असल्याचे ते चिन्ह होय. केबल व पेडल बाहेरून वंगण देऊन दुरुस्त होतात. फोर्कचा टेकू मात्र अनेक गाड्यांत आतच असतो.

महिंद्रा जीपसारख्या मागील चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत इनपुट शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टमधील लहान पायलट बुशमध्ये टेकते. पेडल दाबून गाडी गिअरमध्ये उभी असताना शाफ्ट थांबतो व क्रँकशाफ्ट फिरत राहतो. याच वेळी किंकाळीसारखा आवाज आल्यास हा भाग संशयित ठरतो. पुढील चाकांनी चालणाऱ्या, आडवे इंजिन असलेल्या बहुतांश गाड्यांत तो नसतो.

पेडल सोडल्यावर येणारा आवाज

न्यूट्रलमध्ये येणारी आणि पेडल पूर्ण दाबताच थांबणारी घरघर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे निर्देश करते. हा दोष पुष्कळदा आधीपासूनच असतो. स्वतः काम केलेली व्यक्ती नंतर गाडी अधिक कान देऊन ऐकते, एवढेच. तथापि ही घरघर पूर्वी खरोखरच नसेल, तर सर्वप्रथम गिअरबॉक्समधील तेलाची पातळी पाहणे आवश्यक आहे. पुढील चाकांच्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्ट काढताना तेल वाहून जाते. ते पुन्हा भरण्याचे राहून गेल्यास गिअर व बेअरिंग थोड्याच अंतरात कायमचे निकामी होऊ शकतात. तेल तपासेपर्यंत गाडी चालवू नये.

याउलट, पेडल किंचित दाबताच नाहीशी होणारी चिवचिव सहसा सैल फोर्कची किंवा पाकळ्यांना अधूनमधून स्पर्श करणाऱ्या बेअरिंगची असते. केबल असलेल्या जुन्या गाड्यांत पेडलची मोकळी चाल निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार जुळवून हा आवाज अनेकदा जातो.

पेडलशी संबंध नसलेले आवाज

पेडलच्या कोणत्याही स्थितीत, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारे धातूचे घासणे आढळल्यास इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील पातळ पत्रा वाकून फ्लायव्हीलला लागत असण्याचा संभव असतो. हा पत्रा गिअरबॉक्स चढवताना सहज मुडपतो. वळण घेताना येणारा टकटक आवाज ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा, तर गाडी सुटताना येणारा ठोका इंजिन माउंटिंगच्या न आवळलेल्या बोल्टचा असू शकतो. सायलेन्सरच्या उष्णतारोधक पत्र्याची खडखड अनेकांना उगीच क्लचपर्यंत नेते.

आतील जोडणीच्या चुका

क्लच प्लेट उलट बसवली गेल्यास तिच्या मध्याचा फुगीर भाग फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो आणि क्लच नीट सुटतही नाही. प्लेटवर बाजू छापलेली असते. जर्मन बनावटीच्या प्लेटवर 'गेट्रीबेझाइटे', म्हणजे गिअरबॉक्सची बाजू, असे लिहिलेले आढळते. गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिल्यास प्लेटचा मध्यभाग वाकतो. जुळणीच्या खिळ्या परत न घातल्यास दोन्ही शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत. या तिन्ही चुकांवर गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्यावाचून उपाय नाही.

रिव्हर्स टाकताना होणारी खरखर वेगळी तपासावी लागते, कारण अनेक गाड्यांत या गिअरला सिंक्रोमेश नसतो. पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबल्यानंतरही खरखर होत असेल, तर क्लच पूर्णपणे सुटत नाही. हायड्रॉलिक रचनेत याचे कारण बऱ्याचदा नळीत राहिलेली हवा असते व ती बाहेरून काढता येते.

दक्षता

आवाजाचे स्थान शोधण्यासाठी कारागीर लांब पेचकसाचे टोक कवचावर व मूठ कानाजवळ धरतात. फिरणाऱ्या पट्ट्यांजवळ मात्र हे करू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, भक्कम स्टँड लावावेत. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. जुन्या क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने कवचातील धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसली जाते.