खाण सुटली, धूळ छातीतच

वरोरा म्हटले की आनंदवन आठवते. पण त्याच्या कितीतरी आधी, १८७१ मध्ये, येथे दगडी कोळशाची सरकारी खाण सुरू झाली होती. १९०६ मध्ये ती बंद पडली आणि काम बल्लारपूरकडे सरकले. पुढे वर्धा नदीच्या खोऱ्यात घुग्घुस, माजरी, वणी, राजुरा येथे खाणी झाल्या. एका बाजूला कापसाची शेते, दुसऱ्या बाजूला काळ्या मातीचे डोंगर. कोळसा संपला की खाण बंद होते, वस्ती मात्र राहते.

परभणीकरांना हे लांबचे वाटेल. पण राजुरा आणि परभणी १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि पोटासाठी गाव सोडणे आपल्याकडे नवे नाही. खाणीतून निवृत्त झालेले एखादे आजोबा तुमच्याही गल्लीत असतील.

कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत जाते आणि फुफ्फुसात साचते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काम सोडल्यावर काही वर्षांनीही दम लागू शकतो, खोकला सुरू होतो, जिना चढवत नाही. 'वय झाले', 'दमा आहे' म्हणून दिवस काढले जातात. दगडही फोडला असेल तर त्यातील सिलिका अधिक घातक. तिच्यामुळे क्षयाचा धोका वाढतो. म्हणून खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी, तेथे ती मोफत होते. छातीचा एक्स-रे काढावा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण कुठे, किती वर्षे काम केले ते सांगावे. निदान बहुधा येथेच चुकते!

साचलेली धूळ काढणारे औषध नाही. गूळ खाल्ल्याने धूळ उतरते हा समज जुना आहे. पण गूळ जातो पोटात, धूळ असते फुफ्फुसात. विडी सोडल्याने मात्र उरलेला श्वास नक्की वाचतो. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, हे खडी क्रशरवर काम करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. सेलू-मानवतकडे जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर तो कापसाच्या धुळीचा त्रास असू शकतो.

धुळीने होणारा फुफ्फुसरोग भरपाईच्या कायद्यात व्यावसायिक रोग मानला आहे. १९५५ च्या खाण नियमांनी कामगारांची ठराविक काळाने तपासणी बंधनकारक केली होती. ते जुने कागद, एक्स-रे, नोकरीचा दाखला ट्रंकेत असतील तर रद्दीत घालू नका. दवाखान्यात जाताना सोबत न्या.