शस्त्रक्रिया ऐन वेळीं थांबते तेव्हां



शस्त्रक्रियेची भीति सर्वांनाच असते आणि तिच्याविषयीं बोलणारेहि पुष्कळ आहेत. परंतु ठरलेली शस्त्रक्रिया ऐन वेळीं थांबली, आणि ती कां थांबली हें कोणी सांगितलें नाहीं, म्हणजे रोग्याच्या व त्याच्या घरच्या माणसांच्या मनाची काय अवस्था होते, याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. आज त्या अवस्थेविषयींच चार शब्द बोलावे असें मनांत आहे. मी डॉक्टर नव्हे. माझें आयुष्य पनवेलीस फळ्यापुढें उभें राहण्यांत गेलें. पण ज्या गोष्टीचा जाच सोसला ती समजून घेतल्यावांचून सोडावयाची नाहीं, ही मास्तरांची जुनी खोड आहे.

गेल्या वर्षीं माझ्या पत्नीच्या पित्ताशयांत खडे निघाले. घाई नव्हती, सवडीनें मंगळवारचा दिवस ठरला. आदल्या दिवशीं सर्व तपासण्या झाल्या. रात्रीं दहापासून अन्न बंद, पहाटेपासून पाणीहि बंद. सकाळीं सात वाजतां हिरवा झगा अंगावर आला, मंगळसूत्र माझ्या खिशांत आलें, आणि हातांतल्या बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. तिचे मोकळे हात मीं चाळीस वर्षांत पाहिले नव्हते. आठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊच्या सुमारास वॉर्डबॉय चाकांची खाट घेऊन आला आणि ती तशीच रिकामी परत घेऊन गेला. कारण विचारलें तर म्हणाला, "फिटनेस आला नाहीं, काका." परिचारिकेला विचारलें, ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील." डॉक्टर दुसऱ्या शस्त्रक्रियेंत गुंतलेले. खालच्या खिडकीवरील गृहस्थांनीं "थांबा" एवढाच शब्द उच्चारला. अकरा वाजतां पत्नी मला हळूच म्हणाली, "अहो, माझ्यांत कांहीं मोठें निघालें का? लपवूं नका." माझ्यापाशीं लपविण्यासारखें कांहींच नव्हतें; पण तिला तें खरें वाटलें नाहीं.

दुपारीं दोनच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरूं लागले, बोलणें अडखळूं लागलें. तिला मधुमेह आहे. आदल्या संध्याकाळची गोळी पोटांत होती आणि सोळा तास अन्न नव्हतें. साखर मोजली ती ५८ भरली. मग धांवपळ झाली, शिरेंतून ग्लुकोज गेलें, आणि त्या धांवपळींत कारणहि कळलें. रक्तांतील पोटॅशियम कमी होतें. रक्तदाबाच्या तिच्या गोळींत लघवी वाढविणारें औषध होतें, त्याचा तो परिणाम. चार दिवसांत भरून निघणारी उणीव. हें सारें सकाळीं नऊ वाजतां तिच्या कागदांवर लिहून झालें होतें. तो कागद आणि आम्ही एकाच मजल्यावर होतों. कारण आमच्यापर्यंत पोंचण्यास मात्र पांच तास लागले.

आतां न्यायाची गोष्ट अशी कीं, शस्त्रक्रिया थांबविली हें योग्यच केलें होतें. पोटॅशियम कमी असतां हृदयाचा ठोका चुकण्याचा संभव वाढतो, आणि भुलेखालीं हें संकट ओढवून घेण्याचें कारण नव्हतें. माझी तक्रार थांबविण्याविषयीं नाहीं, मुकेपणाविषयीं आहे.

"फिटनेस" हा शब्द आपल्याकडे घरोघर रूढ झाला आहे, पण त्याचा अर्थ पुष्कळांना "पास" किंवा "नापास" असा वाटतो. वास्तविक भूल देणारे डॉक्टर व फिजिशियन मिळून एवढेंच ठरवितात कीं, हें शरीर आज, या स्थितींत, ही भूल आणि ही शस्त्रक्रिया सुखरूप सोसेल काय. ही तपासणी उगाच जन्मास आलेली नाहीं. १८४७ मध्यें एडिंबरो येथें क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू झाला आणि पुढल्याच जानेवारींत, १८४८ सालीं, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचें नख काढण्यासाठीं दिलेल्या क्लोरोफॉर्मनें दगावली. नख काढावयाचें, आणि जीव गेला! क्लोरोफॉर्मनें आधीं श्वास थांबतो कीं हृदय, यावर मग पन्नास वर्षें वाद माजला. त्या वादाचा एक मोठा अध्याय आपल्या शेजारीं हैद्राबादेस लिहिला गेला. तेथील शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें १८८८ व १८८९ सालीं दोन मंडळें बसलीं. आधीं श्वास थांबतो, म्हणून श्वासावर लक्ष ठेवा म्हणजे झालें, असा त्यांचा निर्णय. १९११ मध्यें लेव्ही या संशोधकानें दाखवून दिलें कीं क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलेंतहि हृदय अकस्मात् बंद पडूं शकतें. आज क्लोरोफॉर्म गेलें आहे, पण हृदयाचा आलेख पाहिल्याशिवाय वयस्क माणसाला भूल देण्यास डॉक्टर कां कचरतात, त्याचें मूळ या इतिहासांत आहे.

उपाशी ठेवण्याचेंहि तसेंच. भुलेंत गिळण्याचा व खोकण्याचा पहारा उठतो, आणि पोटांतलें अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरूं शकतें. न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनीं १९४६ मध्यें ४४,०१६ बाळंतिणींचा हिशेब मांडला. त्यांत ६६ जणींच्या बाबतींत असें घडलेलें आढळलें. म्हणून आपण उपास करतों. पण हा उपास एकादशीसारखा जितका कडक तितका पुण्यकारक, असें मात्र नाहीं. हलक्या अन्नाला सहा तास व साध्या पाण्याला दोन तास पुरतात, असें भूलशास्त्राचे आजचे नियम सामान्य रोग्यासाठीं सांगतात. शस्त्रक्रिया दुपारवर गेली असतां पहाटेपासून पाण्याचा थेंब न देणें याला शास्त्राचा आधार फार थोडा आहे. यास्तव थांबण्याची वार्ता आली कीं पहिला प्रश्न "कां?" हा नव्हे. पहिला प्रश्न असा: "आतां यांना पाणी द्यावें काय, खावयास द्यावें काय, साखर मोजाल काय?" आमच्याकडून हाच प्रश्न राहून गेला. आपल्या मनानें मात्र घोटभर चहाहि देऊं नये. अर्ध्या तासानें खाट पुन्हां दारांत आली तर त्या घोटानेंच शस्त्रक्रिया टळावयाची.

कारणें ऐन वेळीं कां उपटतात? कांहीं शरीराचीं असतात. रात्रीं ताप येतो, सर्दी छातींत उतरते, भीतीनेंच रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या एका आंकड्यावरून घाबरून जाऊं नये. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शनांत, पूर्वतपासणीच्या वेळीं दाब १८०/११० च्या आंत असेल तर केवळ त्यापायीं ठरलेली शस्त्रक्रिया पुढें ढकलूं नये असें म्हटलें आहे. कांहीं कारणें आपल्याच औषधांच्या डब्यांत दडलेलीं असतात. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी बहुधा पांच दिवस आधीं थांबवावी लागते. परंतु हृदयांत स्टेंट बसविलेल्या माणसानें ती आपण होऊन थांबविली तर स्टेंटच बुजण्याचा धोका असतो. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकीं ज्यांच्या नांवाचा शेवट "ग्लिफ्लोझिन" असा होतो, त्या तीन दिवस आधीं, व त्यांतील एक तर चार दिवस आधीं बंद करावी, असें अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २०२० मध्यें जाहीर केलें. कारण साखर बेताची दिसत असूनहि रक्तांत आम्ल साठूं शकतें. "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" या प्रश्नाला "एक पांढरी, एक गुलाबी" असें उत्तर देणाऱ्या माणसांत मीहि होतों. आतां आमच्या घरीं गोळ्यांचीं नांवें, प्रमाण आणि वेळ लिहिलेला कागद पिशवींत असतो.

कांहीं कारणांचा शरीराशीं संबंधच नसतो. अतिदक्षता विभागांत खाट रिकामी नसते, रक्ताची पिशवी आलेली नसते, किंवा आधींची शस्त्रक्रिया लांबलेली असते. आमच्या पनवेलीसारख्या गांवांतलीं लहान रुग्णालयें घ्या. तेथें भूल देणारे डॉक्टर बहुधा बाहेरून येतात. एकच गृहस्थ एका सकाळीं दोनतीन ठिकाणीं बांधलेले, आणि पावसाळ्यांत हार्बरची गाडी व महामार्ग दोन्ही एकदम रुसले तर आठ वाजतांची शस्त्रक्रिया अकरावर जाते. यांत कोणाचा अपराध नसतो. सांगावयास मात्र कोणी धजत नाहीं, आणि वाट पाहणारा आपल्या रोगाच्या काळजीनें झुरतो.

मग कागदोपत्रांचें प्रकरण. आपल्याकडील राज्य सरकारची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजीं ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. आतां तिचें नांव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असें आहे. तिच्यांत ठरीव शस्त्रक्रियेस आगाऊ मंजुरी लागते, आणि ती कोठें अडकली आहे हें रुग्णालयांतील आरोग्यमित्रास विचारतां येतें. खाजगी विम्याच्या बाबतींत विमा नियामक प्राधिकरणानें २०२४ मध्यें असें बजावलें आहे कीं, रोकड न भरतां उपचार करण्याच्या विनंतीवर कंपनीनें एका तासांत निर्णय द्यावा. "फिटनेस नाहीं" हा शब्द कधीं कधीं "मंजुरी नाहीं" याऐवजींहि वापरला जातो. तेव्हां "अडचण प्रकृतीची आहे कीं कागदांची?" असा सरळ प्रश्न टाकावा. या एका प्रश्नानें निम्मी भीति उतरते.

प्रकृतीची असेल तर पुढें विचारावें: काय आढळलें, तें कोण ठरविणार, आणि काय झालें म्हणजे परवानगी मिळेल. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण त्याचें उत्तर "पोटॅशियम साडेतीनच्या वर आलें म्हणजे" असें नेमकें मिळूं शकतें, आणि मग वाट पाहण्याला एक टोक येतें. घरांतील एकाच माणसानें विचारावें, उत्तर वहींत लिहावें, वेळ लिहावी. आमच्याकडे मी, माझा मेहुणा आणि पुण्याहून फोनवर मुलगा असे तिघेहि निरनिराळ्या माणसांना विचारीत होतों. त्यामुळें प्रत्येकाला वाटे कीं दुसऱ्यानें यांना सांगितलें असेलच. खरें तर आंतहि तसेंच चाललें होतें. फिजिशियननें लिहिलें, म्हणजे शल्यवैद्य सांगतील; शल्यवैद्यांस वाटलें, परिचारिकेनें सांगितलें असेल. सुस्कारा टाकून वाट पहाण्यापेक्षां विभागाच्या मुख्य परिचारिकेला सौम्यपणें म्हणावें, "डॉक्टरांना दोन मिनिटें केव्हां सवड होईल तेवढें विचारून सांगा." आवाज चढविल्यानें उत्तर लवकर येतें असा माझा अनुभव नाहीं.

कारण कळलें असतां माणूस किती स्वस्थ राहूं शकतो याचें एक उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलेलें आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं येरवड्याच्या तुरुंगांतून आणलेल्या महात्मा गांधींवर पुण्याच्या ससून रुग्णालयांत अपेंडिसायटिसची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. मुंबईचे डॉ. दलाल व डॉ. जीवराज मेहता यांना बोलवावें अशी गांधींची इच्छा होती. परंतु ते वेळेवर येऊं शकत नव्हते, आणि दुखणें थांबण्याजोगें नव्हतें. कर्नल मॅडॉक यांनीं वस्तुस्थिति सांगितली. श्रीनिवास शास्त्री खाटेशेजारीं होते. त्यांनीं संमतीचें निवेदन लिहून घेतलें आणि गांधींनीं कांपऱ्या हातानें त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असतां वीज गेली व ती कंदिलाच्या उजेडांत पुरी करावी लागली! सरकारचा कैदी आणि सरकारचा डॉक्टर. अविश्वासाला जागा भरपूर होती. पण कोणाची वाट पहात आहोंत, आणि आतां कां पहातां येत नाहीं, या दोन्ही गोष्टी रोग्याला ठाऊक होत्या.

ही कांहीं कृपा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें २००८ मध्यें समीरा कोहली खटल्यांत स्पष्ट केलें आहे कीं, पुरेशी माहिती दिल्यानंतरची संमति तीच खरी संमति. महाराष्ट्रांत २०२१ सालच्या सुधारित नियमांप्रमाणें खाजगी रुग्णालयांनीं रुग्णहक्कांची सनद दर्शनीं भागांत लावावयाची आहे. आणि वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रोग्यानें मागणी केल्यापासून ७२ तासांत त्याचे कागद त्याला मिळाले पाहिजेत. शस्त्रक्रिया पुढें गेली तर घरीं जातांना त्या दिवशीच्या तपासण्यांची व फिजिशियनच्या शेऱ्याची प्रत अवश्य मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांचें मत घ्यावयाचें झालें तर तोच कागद बोलतो.

घरीं परततांना आणखी दोन गोष्टी विचारावयाच्या असतात, आणि निराशेच्या भरांत त्याच राहून जातात. बंद केलेल्या गोळ्या आजपासून पुन्हां सुरू करावयाच्या काय. आणि नवीन तारखेपूर्वीं कोणतीं लक्षणें दिसलीं तर ताबडतोब यावें. शस्त्रक्रिया पुढें ढकलली म्हणून दुखणें पुढें ढकललें जात नाहीं. पित्ताशयाच्या रोग्याला हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे दिसूं लागले, किंवा पोटांतली कळ थांबेना, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहूं नये. रात्र असली तरी निघावें. आम्हांला तसा प्रसंग आला नाहीं. शनिवारीं पोटॅशियम ३.९ भरलें, सोमवारीं सकाळीं साडेआठला खाट पुन्हां दारांत आली, आणि या वेळीं मंगळसूत्र खिशांत ठेवतांना मीं तिला सांगितलें कीं आधीं एका लहान मुलाची शस्त्रक्रिया आहे, ती आटोपेपर्यंत आपल्याला अर्धा तास थांबावें लागेल. ती म्हणाली, "असूं दे, लेंकराचें आधीं होऊं दे," आणि डोळे मिटून पडून राहिली.