विश्रांती हीही शिस्तच

‘रोज सराव करा’ असे आम्ही शिक्षक मुलांना बजावतो. पण पाय मुरगळला तर?

इंग्लंडचे धावपटू रॉजर बॅनिस्टर डॉक्टरकी शिकत होते. एप्रिल १९५४ मध्ये सराव करूनही वेग वाढेना, म्हणून ते स्कॉटलंडच्या डोंगरांत गेले. परतल्यावर वेग वाढला. शर्यतीआधी काही दिवस त्यांनी धावणे थांबवले. त्यातच इस्पितळात घसरून ते दिवसभर लंगडले. तरीही ६ मे रोजी ऑक्सफर्डला त्यांनी एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला.

ब्रिटनची आरोग्यसेवा आज सांगते: मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती व फडक्यात गुंडाळलेला बर्फ, शेक, मालिश नको. दुखणे ओसरताच हळूहळू हालचाल.

पालकांनो, मुलाला घाई करू नका; अंथरुणालाही खिळवू नका.