चौकातल्या चार फरश्या

कोठीतल्या आमच्या जुन्या घराच्या चौकात आजोबांनी बसवलेली शहाबादी फरशी आहे. गेल्या वर्षी नळाच्या पाइपसाठी खोदकाम झालं आणि चार फरश्या फुटल्या. त्यातल्या एकीचा कोपरा वर आला, आजीच्या पायाला ठेच लागली. बाबा म्हणाले, "सगळं उखडून टाइल्स लावू." आजी काहीच बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला लागलं. मी बाबांकडून दोन रविवार मागून घेतले.

मला वाटलं, सोपं आहे. टेपनं लांबी-रुंदी मोजली, मोबाइलमध्ये लिहिली आणि दुकानातून त्या मापाच्या दोन नव्या फरश्या कापून आणल्या. एकही बसली नाही. एक खड्ड्यात जाईना, दुसरी जाड निघाली. कोड लिहिताना मी रोज म्हणतो की इनपुट तपासा. इथे स्वतःच विसरलो!

मग मिस्त्रीभाईंना बोलावलं. त्यांनी खड्ड्याच्या कोपऱ्यात गुण्या लावला आणि हसले. "खड्डाच सीधा नहीं है साब, पत्थर कैसे बैठता?" जुनी फरशी छन्नी-हातोड्यानं घडवलेली; प्रत्येक बाजू थोडी तिरकी. जाडीचंही तसंच. शहाबादी हा थराथरांचा चुनखडक. थर सुटून फरशी निघते, त्यामुळे ती सपाट असली तरी प्रत्येकीची जाडी सारखी नसते.

खरं तर ही फरशी आपली शेजारीणच. शहाबाद आज कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, पण 1956 पर्यंत ते हैदराबाद राज्यात होतं. आपल्याकडचा तांदूरचा दगडही त्याच भीमा खोऱ्यातल्या चुनखडकाचा. त्यामुळे जुळता दगड मिळायला अडचण आली नाही, अडचण होती ती मापाची.

मिस्त्रीभाईंची पद्धत अशी. फुटलेली फरशी मधून फोडून बाहेरच्या दिशेनं काढायची, म्हणजे शेजारच्या फरशीची कड उडत नाही. खड्डा साफ करून त्यात पुठ्ठा ठेवायचा आणि कडेकडेनं कापत तंतोतंत बसवायचा. त्यावर 'वरची बाजू' लिहून तुळशीच्या दिशेनं बाण काढायचा. पुठ्ठा उलटला तर सगळं चुकतं. मग दर्जेसाठी चारही बाजूंनी साधारण तीन मिलिमीटर कमी करून दगडावर खूण करायची.

कापताना फरशी वाळूवर पूर्ण टेकलेली हवी, मधे पोकळी राहिली की तडकते. एकदम खोल न जाता तीन-चार फेऱ्यांत कापायचं. धूळ भयंकर उडते, म्हणून चष्मा आणि मास्क हवाच. विजेचं कटर आणि पाणी यांचा मेळ नवशिक्यानं घालू नये; ते काम मी त्यांच्याकडेच सोडलं आणि कडा घासत बसलो.

भिंतीलगतच्या दोन अरुंद जागांसाठी त्यांनी नवा दगड घेतलाच नाही. फुटलेल्या मोठ्या तुकड्यांतूनच त्या पट्ट्या निघाल्या. माझ्या चुकीच्या मापाच्या फरश्यांपैकी मोठी पुन्हा कापून वापरली. जाड फरशीखालचा माल कमी केला. प्रत्येक फरशी लाकडी ठोकळ्यानं ठोकून, पाणसळ लावून, मोरीकडे उतार ठेवून बसवली. बोटानं वाजवून पाहिलं. पोकळ आवाज आला की उचलून पुन्हा. दर्जा भरल्यावर दोन दिवस कुणी पाय ठेवला नाही.

एक सांगून ठेवतो: डाग काढायला यावर ॲसिड ओतू नका. चुनखडक ॲसिडनं खातो आणि चमक कायमची जाते.

तिसऱ्या दिवशी आजी तांब्या घेऊन आली. तुळशीला पाणी घातलं आणि उरलेलं नव्या फरशीवर ओतलं. पाणी कुठे थांबतंय का ते ती पाहत होती. ते सरळ मोरीकडे गेलं.

"रंग जरा वेगळा दिसतोय," बाबा म्हणाले.

"होईल की पावसाळ्यांनी सारखा," आजी म्हणाली, आणि तिथेच पाट मांडून भाजी निवडायला बसली.

टाइल्सचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. माझ्या कपाटात मात्र पुठ्ठ्याचे ते चार तुकडे बाणांसकट जपून ठेवलेत. पुढच्या वेळी फरशी फुटली, तर मोजायला टेप शोधणार नाही.