बूढापाऱ्याच्या तलावाचा वाली कोण?

रेल्वे तेव्हा नागपूरपर्यंतच होती. म्हणून १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र दत्त तिथून बैलगाडीने, दाट जंगलातून रायपूरला आला. हाच पुढे स्वामी विवेकानंद झाला. दत्तांचे बिऱ्हाड बूढापाऱ्यात होते. शेजारच्या बूढा तलावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात; मूळ नाव मात्र गोंडांच्या बूढादेवाचे, असे सांगतात.

एवढ्या मानाच्या पाण्याला कायद्याचे कवच सहज मिळेल, असे कोणालाही वाटेल. पण २०१७ च्या पाणथळ नियमांत मेख आहे. अतिक्रमण आणि सांडपाणी यांना बंदी असली, तरी पिण्यासाठी, सिंचनासाठी वा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यांतून वगळले आहेत. मग माणसांनीच खोदलेल्या जुन्या तलावांनी जावे कुठे? शेकडो वर्षांपूर्वी तलाव कशासाठी खोदला, याचा पुरावा आता कोण देणार!

आधार आहे तो २००१ च्या हिंचलाल तिवारी खटल्याचा. उत्तर प्रदेशातल्या एका गावी तळ्याची जमीन घरांसाठी वाटली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केले. तळ्याचे पाणी पावसाळ्यात पसरते, उन्हाळ्यात ओसरते. म्हणून उघडी पडलेली काठची जमीनही तळ्याचीच, तिच्यावर घर बांधता येणार नाही.