कुदळ विकत घेताना

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या बागेत वाफे खणताना एक गोष्ट घडली. कुदळ वर उचलली अन् ती दांड्यातून निसटून मागे जाऊन पडली! मागे तिसरीतली मुलं रोपं घेऊन उभी होती. हातभर अंतर राहिलं म्हणून बरं. कुदळ नवीकोरी होती, भाजी विकून जमलेल्या पैशांतून आणलेली. तिच्या चकचकीत रंगाला आम्ही भुललो होतो. मग गुरुजी आम्हाला लोहारकाकांकडे घेऊन गेले. त्यांनी सांगितले ते व गुरुजींनी समजावले ते येथे लिहीत आहे.

१) लोखंड : खणायच्या अवजाराला टणक पोलाद लागते. शंभर भागांत पाव भागाहून कमी कार्बन असेल तर पाते मऊ राहते, दगडाला लागले की वाकते. अर्धा ते पाऊण भाग कार्बन असेल तर ते चांगले टणक करता येते. म्हणून लोहारकाका ट्रकच्या कमानीचा जुना पाटा पसंत करतात. पाते लाल तापवून पाण्यात बुडवतात, त्याला 'पाणी देणे' म्हणतात. पाणी कमी पडले तर धार मुडपते, जास्त झाले तर टोक टचकन तुटते.

२) परीक्षा : पाते दोरीला टांगून दगडाने हलकेच वाजवावे. खणखणीत आवाज आला तर चांगले. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असण्याचा संभव असतो. धारेवर कानस फिरवून पाहावी. कानस घसरली तर पाते टणक, सहज चावली तर मऊ.

३) नेढे : दांडा बसतो ते नेढे जाड असावे. तिथे जोड असेल तर नीट पाहावा. रंगाखाली भेग लपलेली असते.

४) दांडा : बाभळीचा किंवा धामणीचा घ्यावा. रेषा सरळ लांबीत हव्यात, गाठ नको. लाकूड पूर्ण वाळलेले हवे. ओला दांडा वाळला की आकसतो व सैल होतो. आमच्या कुदळीचे हेच झाले होते. आम्ही ती रात्रभर पाण्यात ठेवून घट्ट केली, पण दांडा वाळताच ती पुन्हा सैल झाली! दांडा डोक्याकडे जाड असावा व वरून घालावा, म्हणजे कुदळ निसटत नाही.

५) निगा : काम झाल्यावर माती पुसावी, पात्याला तेलाचा बोळा फिरवावा, म्हणजे गंज चढत नाही. दांड्याला जवसाचे तेल चोळावे. टोक बोथट झाले की लोहाराकडून शेवटून आणावे, अवजार फेकू नये.

लोहारकाकांनी त्याच कुदळीला बाभळीचा दांडा बसवून दिला. ती अजून चालते आहे. पण आता आमचा एक नियम आहे. आधी दांडा हलवून पाहायचा, आणि खणणाऱ्याच्या मागेपुढे कुणी उभं राहायचं नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी