आरएक्सची काळी पेटी

यामाहा आरएक्स 100 हाती आली की बरेच तरुण आधी दोन कामं उरकतात. सायलेन्सर बदलतात आणि साइड पॅनेलच्या आडची एअर फिल्टरची काळी प्लॅस्टिकची पेटी काढून कार्बोरेटरच्या तोंडाला उघडा, निमुळता फिल्टर लावतात. आवाज लगेच बदलतो. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन हवा ओढताना ऐकू येतं आणि गाडीचा पिकअप वाढल्यासारखा वाटतो. कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र, तेच ठेवलं असेल, तर पुष्कळदा तो कमी झालेला असतो.

1985 ते 1996 या काळात एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने ही गाडी भारतात बनवली. 98 सीसी, टू-स्ट्रोक, 11 अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. तिच्या चपळाईचं श्रेय लोक रीड व्हॉल्व्हला देतात, सायलेन्सरला देतात. पेटीला कुणी देत नाही, आणि माझ्या मते हा तिच्यावर अन्याय आहे.

‘उघड्या फिल्टरने हवा जास्त येते, म्हणून पेट्रोल कमी पडतं,’ असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. हे अर्धंच खरं आहे. हवा वाढली की कार्बोरेटर पेट्रोलही जास्त ओढतो, ते त्याचं कामच आहे. खरी गोम दाबात आहे. फ्लोटच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो. पेटीचं अरुंद तोंड आणि आतला स्पंज हवेला थोडं अडवतात, त्यामुळे कार्बोरेटरच्या तोंडाशी दाब कमी राहतो आणि जेटमधून पेट्रोल वर खेचायला जादा ओढ मिळते. कंपनीने मेन जेटचा आकडा ही ओढ धरूनच ठरवलेला असतो. पेटी गेली की ओढ जाते आणि मिश्रण पातळ होतं. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे तापलेला पिस्टन. हायवेवर फुल अ‍ॅक्सिलरेटर धरून चाललेली गाडी अचानक जाम होते, ती यामुळेही.

पेटीचं आणखी एक काम आहे. सिलिंडरकडून उलट येणारे हवेचे धक्के तिच्यात विरतात. ती नसली की काही ठरावीक वेगांवर गाडी अडखळते, आणि ती खोट नुसतं जेट बदलून पुरती जात नाही.

तरीही उघडा फिल्टर लावायचाच असेल, तर नीट लावावा. आधी मुद्दाम मोठं मेन जेट घालायचं आणि एकेक आकडा खाली यायचं. खालून वर चढण्यात पिस्टन धोक्यात येतो. नवा प्लग बसवायचा, इंजिन गरम करायचं आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळायचा. काही सेकंदांनी क्लच दाबून त्याच क्षणी किल्ली बंद करायची, गाडी घरंगळत कडेला घ्यायची आणि तिथेच प्लग खोलायचा. गॅरेजपर्यंत चालवत आणलेल्या प्लगवर आयडलिंगचा रंग चढतो. आतल्या पोर्सेलिनच्या बुडाशी पाहावं: पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काळा आणि ओला असेल तर जास्त, तपकिरी असेल तर जमलं. मधल्या अ‍ॅक्सिलरेटरला निडलची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे निडल वर येते. एअर स्क्रू सर्वांत शेवटी.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हे दुखणं वाढतं. तिथे रबरी डायफ्राम स्लाइड उचलतो आणि त्याच्याखालचा दाब कार्बोरेटरच्या तोंडाशी जोडलेला असतो. उघड्या फिल्टरवर आडवा वारा लागला तरी स्लाइड डळमळते. 2020 पासूनच्या बीएस 6 गाड्यांतला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल थोडंफार सावरून घेतो, पण फुल अ‍ॅक्सिलरेटरला बहुतेक इंजिनं आधी ठरवून दिलेल्या मापावरच चालतात.

आणि धूळ! उसाच्या गाड्या जाणाऱ्या रस्त्यांवरची धूळ स्वस्त उघड्या फिल्टरच्या विरळ जाळीतून सरळ आत जाते आणि सिलिंडरवर ओरखडे काढते. सिलिंडरमागची तापलेली हवा आणि पावसाचं पाणीही त्यालाच आधी लागतं.

म्हणून आरएक्सवाल्यांना माझं सांगणं: आधी जुना स्पंज रॉकेलमध्ये धुवा, न पिळता दाबून काढा, वाळल्यावर हलकं तेल लावून पुन्हा बसवा आणि गाडी चालवून पाहा. त्यानंतरही पेटी काढलीत, तर ती भंगारात देऊ नका.